बोकडाच्या भिंगातून दृष्टिपटलाकडे : प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२५, गुरुवार

विषय एकदाचा ठरला: दृष्टिपटलाच्या पेशींमधला दाह आवरणारी डोळ्याची स्वतःची प्रथिने. मॅडमनी फळ्यावर चार नावं लिहिली आणि म्हणाल्या, "यातलं आपल्याला परवडणारं कोणतं ते सांगा."

पहिलं पीईडीएफ. दृष्टिपटलाच्या मागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकपदरी थर असतो, पुढे त्याला आरपीई म्हणेन. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जॉइस टोम्ब्रन-टिंक आणि लिंकन जॉन्सन यांना हे प्रथिन सापडलं ते या पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या त्या द्रवात. ४१८ अमिनो आम्लं, वजन सुमारे ५० किलोडाल्टन. चेतापेशींना जगवतं, रक्तवाहिन्यांची नको ती वाढ रोखतं (हे १९९९ मध्ये कळलं), दाहही उतरवतं. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या रुग्णांच्या डोळ्यातल्या काचद्रवात ते कमी आढळतं. सगळे गुण जुळले, पण विकत मिळतं मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने. एक-दोन कुप्यांत आमचं बजेट आटोपेल.

दुसरं फॅक्टर एच. रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या जंतूंशी लढणाऱ्या यंत्रणेला हे आवरतं. त्याच्या ४०२व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन असेल तर उतारवयात मॅक्युला (दृष्टिपटलाचा मध्यभाग) झिजण्याचा धोका वाढतो, असं २००५ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. मोठं प्रथिन, मोठी किंमत. तिसरं एसओसीएस-१, पेशीच्या आत बसून जॅक-स्टॅट हा दाहाचा संदेश तोडणारं. आतलं असल्यामुळे बाहेरून द्यायचं तर त्याचा पेशीत शिरेल असा तुकडा बनवून घ्यावा लागतो.

चौथं अल्फा-क्रिस्टॅलिन. हे मुळात नेत्रभिंगातलं प्रथिन. आणि बेळगावात नेत्रभिंग कुठे मिळेल हे सांगायला पीएचडी लागत नाही.

९ जुलै, बुधवार

रविवारी डोळे आणायचे होते, पण रविवारीच आषाढी एकादशी. आज सकाळी शहापुरातल्या मटणाच्या दुकानात बर्फाचा डबा घेऊन गेलो. दुकानदार मामांना वाटलं मुंडी हवी आहे. नुसते डोळे म्हटल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली. "डोळे घेऊन काय करूलास गा?" सांगितलं की डोळ्यातलं भिंग पाहिजे, प्रयोगाला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, एरवी टाकूनच देतात म्हणाले. मात्र ताजे हवे असतील तर सातच्या आत ये, असं बजावलं.

भिंग काढणं ऐकायला वाटतं तितकं नाजूक काम नाही. पारपटल आणि पांढरा पडदा जिथे जुळतात त्याच्या थोडं मागे छेद द्यायचा, हलकेच दाबायचं, भिंग स्वतःच बाहेर येतं. कोवळ्या बोकडाचं भिंग मऊ असतं. वरचं पातळ वेष्टण सोलून काढायचं. मग ट्रिस बफरमध्ये, पीएच ७.४, मीठ १०० मिलिमोलर, थोडं ईडीटीए, बर्फात ठेवूनच घोटायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर अर्धा तास फिरवायचं.

नेहमीच्या कृतीत या बफरमध्ये सोडियम अ‍ॅझाइड घालतात, जंतू वाढू नयेत म्हणून. आम्ही ते गाळलं. हेच प्रथिन पुढे जिवंत पेशींवर घालायचं आहे आणि अ‍ॅझाइड पेशींचा श्वासच बंद करतं. डायलिसिस केलं (पातळ पडद्यातून बारीक रेणू गाळून काढले) की निघून जाईल असं ज्युनिअरचं म्हणणं. जे घातलंच नाही ते काढायचा प्रश्न येत नाही, असं माझं. मॅडम माझ्या बाजूने.

भिंगाच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा प्रथिनांचा असतो. शरीरात इतकी दाट प्रथिनं क्वचितच कुठे असतील. त्यामुळे आठ-दहा भिंगांतही काम भागतं. वरचा स्वच्छ द्रव सेफॅक्रिलच्या, म्हणजे आकारानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या, कॉलमवर चढवला. सर्वांत मोठं ते सर्वांत आधी उतरतं. अल्फा आधी, मग बीटा, शेवटी गॅमा. अल्फाचा एकेक घटक फक्त २० किलोडाल्टनचा, पण असे कितीतरी घटक एकत्र येऊन सुमारे ८०० किलोडाल्टनचा गोळा करतात. त्यामुळे पहिला उंचवटा ओळखायला चूक होत नाही. जेलवर २०च्या आसपास दोन पट्टे, लागूनलागून. अल्फा-ए आणि अल्फा-बी. भिंगात ए जास्त, बी कमी, ढोबळ प्रमाण तीनास एक.

१५ जुलै, मंगळवार

प्रथिन हातात आलं, पण ते जिवंत म्हणावं असं काम करतंय का? १९९२ मध्ये जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवलं की अल्फा-क्रिस्टॅलिन इतर बिघडत चाललेल्या प्रथिनांना धरून ठेवतं, एकमेकांना चिकटून गोळे होऊ देत नाही. तोवर त्याच्याकडे भिंग पारदर्शक ठेवणारं भरताड म्हणूनच पाहिलं जात होतं. अशा धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला शॅपरोन म्हणतात. प्रयोग सोपा आणि बघायला मजेदार. इन्सुलिनच्या दोन साखळ्या जोडणारे गंधकाचे बंध डीटीटी घालून तोडायचे. बी साखळी सुटी झाली की ती आपसांत चिकटू लागते आणि द्रव गढूळ होतो. हा गढूळपणा ३६० नॅनोमीटरवर मोजायचा.

अल्फा नसलेली क्युव्हेट (मोजमापाची पारदर्शक नळी) काही मिनिटांत ताकासारखी झाली. अल्फा असलेली शेवटपर्यंत नितळ. मधल्या मात्रेची मधेच. आलेख छापून भिंतीवर लावला. खालच्या मजल्यावरचे रसायनशास्त्राचे सर येऊन पाहून गेले आणि म्हणाले की त्यांच्या विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग दाखवू या. दाखवावाच. बी.एस्सी.च्या मुलांना प्रथिनाचं काम डोळ्यांनी दिसेल असे प्रयोग फार थोडे असतात, आणि याला लागणारं सगळं सामान बेळगावात मिळतं.

२३ जुलै, बुधवार

उद्या आषाढी अमावास्या, पण गुरुवार. त्यामुळे आखाडाची सगळी गर्दी आजच. परवापासून श्रावण, मग महिनाभर मामांकडे माल कमी. पहाटे जाऊन दोन डबे भरून डोळे आणले, भिंगं काढून उणे ८० अंशांत ठेवली. दुकानासमोरच्या रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावर वेगळी नोंद होईल.

२ ऑगस्ट, शनिवार

वाचनाचा आठवडा. भिंगातल्या प्रथिनाचा दृष्टिपटलाशी संबंध काय, हे बाहेरच्या परीक्षकाने विचारलंच पाहिजे, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

१९८९ मध्ये सुरज भट आणि नागिनेनी यांनी दाखवलं की अल्फा-बी भिंगापुरतं नाही, हृदयासह इतर ऊतींतही आहे. दृष्टिपटलातही ते असतं, आणि ताण पडला की त्याचं प्रमाण बदलतं. २००७ मध्ये नेचरमध्ये आलेलं काम मेंदूच्या दाहाबद्दलचं आहे. अल्फा-बी नसलेल्या उंदरांत मज्जावेष्टणाचा आजार जास्त भडकला, आणि बाहेरून अल्फा-बी दिल्यावर उतरला. २०१२ मध्ये त्याच दिशेचं पुढचं काम आलं. बाहेरून दिलेलं अल्फा-बी रक्तद्रवातल्या दाहकारक प्रथिनांनाच पकडून ठेवतं, असं त्यात आहे. म्हणजे इन्सुलिनला जसं धरलं तसंच.

उलट बाजूही आहे. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींवर अल्फा-क्रिस्टॅलिन घातलं तर त्या शांत होण्याऐवजी चेततात, असं १९९९ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. हे वाचून ज्युनिअर नाराज झाला. मला हेच जास्त रोचक वाटलं. एकच प्रथिन इथे दाह शमवतं, तिथे पेटवतं. मग आमचा खरा प्रश्न "शमवतं का" एवढा नसून "कुठून दिलं, केव्हा दिलं, आणि नेमकं कशाला धरून शमवलं" हा आहे.

१० ऑगस्ट, रविवार

खानापूर तालुक्यात नंदगडला नेत्र तपासणी शिबिर. आमचं तिथे काम म्हणजे नावं लिहून घेणं आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातलेल्यांना अर्धा तास बाकावर बसवून ठेवणं. पाऊस असा की शाळेच्या पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नव्हतं. अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही ठेवले होते, बहुतेकांनी "तूच लिही बाळा" म्हणून परत दिले.

डोळ्यांच्या डॉक्टरांना प्रकल्पाबद्दल सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "तुमचं दाह शमवणारं प्रथिन मी दाह करताना बघतो." मोतीबिंदू काढायचा राहून पार पिकला की भिंगाचं प्रथिन पाझरून पुढच्या कप्प्यात येतं. ते गिळायला मॅक्रोफेज पेशी धावतात, गिळून फुगतात, पाणी वाहून जाण्याची जाळी तुंबवतात आणि डोळ्याचा दाब एकदम चढतो. डोळा लाल, प्रचंड दुखणं, डोकं फुटायची वेळ. शेतीची कामं आटोपल्यावर बघू म्हणून थांबलेली माणसं अशा अवस्थेत येतात. मागच्याच बाकावर बसलेल्या आजींचा उजवा डोळा पांढराफट्ट होता. त्यांना डॉक्टरांनी सुगी संपेपर्यंत थांबू नका म्हणून दोनदा बजावलं.

नेहमीच्या उपायांबद्दलही विचारून घेतलं. मधुमेहात मॅक्युलाला सूज आली की डोळ्यात इंजेक्शनं देतात, रक्तवाहिन्या फुटवणाऱ्या व्हीईजीएफला अडवणारी. काहींना डेक्सामेथासोनची बारीक कांडी आत बसवतात. स्टेरॉइड दाह झटक्यात खाली आणतं, पण काहींचा डोळ्याचा दाब वाढतो आणि मोतीबिंदू लवकर येतो. म्हणून शरीराने स्वतः वापरलेल्या प्रथिनांकडे लोकांचं लक्ष. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असा मात्र त्याचा अर्थ होत नाही, आणि पिकलेल्या मोतीबिंदूचं उदाहरण त्याला पुरेसं आहे.

थेंब घालून बसलेल्या एका आजोबांनी सगळं कान देऊन ऐकलं होतं. "मग श्रावण संपल्यावर मुंडीचा रस्सा खाल्ला तर डोळ्याला चालतंय म्हणायचं." सांगितलं की शिजलं की प्रथिनाची घडी मोडते, उरलेल्याचे पोटात तुकडे होतात, डोळ्यापर्यंत त्यातलं काही तसंच पोचत नाही. ते म्हणाले, "मग थेंब करून घाला." याचं उत्तर द्यायला मात्र वेळ लागला. पीईडीएफसारखं ५० किलोडाल्टनचं प्रथिन थेंबातून पारपटल ओलांडून मागे दृष्टिपटलापर्यंत सहज जात नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या गटाने पीईडीएफचा फक्त १७ अमिनो आम्लांचा तुकडा घेतला, त्यातही १०५व्या जागेचं एक अमिनो आम्ल बदललं, आणि तो थेंबाने दिल्यावर दृष्टिपटल झिजणाऱ्या उंदरांच्या प्रकाशग्राही पेशी जास्त काळ टिकल्या. याच वर्षी मार्चमध्ये ते काम आलं. आजोबांना एवढंच सांगितलं की थेंबांवर काम चाललंय, उंदरांत. ते म्हणाले, "उंदरांचं भाग्य."

शिवाय सगळ्यांना सांगत होतो की डोळ्यात मध, एरंडेल, दूध काही घालू नका. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मान हलवली आणि निम्म्यांनी दुसरीकडे पाहिलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पेशी आल्या. एआरपीई-१९ नावाची ही मालिका १९८६ मध्ये एका १९ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातून सुरू झाली. तो वाहन अपघातात गेला होता.  तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या पेशी विभागत आहेत. फ्लास्क हातात घेतल्यावर हे आठवतंच.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर उद्यमबागेतून आला, इनक्युबेटर ५ टक्क्यांवर लावला. लाईट गेली की जनरेटर चालू होईपर्यंतची मिनिटं कुणीही दार उघडायचं नाही, असा कागद चिकटवला.

आता एक गोष्ट जी बऱ्याच प्रबंधांत लपून राहते. या पेशी ज्या वाढद्रवात वाढवायची पद्धत आहे, डीएमईएम आणि एफ-१२ यांचं मिश्रण, त्यात ग्लुकोज १७.५ मिलिमोलर असतं. दवाखान्याच्या भाषेत सांगायचं तर ३१५ मिलिग्रॅम. म्हणजे निरोगी म्हणून ठेवलेल्या पेशी आधीच अनियंत्रित मधुमेहात आहेत. मग त्यांना ३० मिलिमोलर देऊन "जास्त साखरेचा परिणाम" दाखवणं कशाच्या तुलनेत? आम्ही प्रयोगाआधी पेशी ५.५ मिलिमोलरच्या द्रवावर आणणार आहोत, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि साखरेच्या प्रयोगात मॅनिटॉलची (पेशी वापरत नाहीत अशा गोड पदार्थाची) वेगळी रांग ठेवणार आहोत, कारण नुसता द्रव दाट झाल्याचाही पेशींवर परिणाम होतो.

सीरमही (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव) तसंच. १० टक्के सीरममध्ये पेशी खुशीत वाढतात, पण सीरममध्ये वाढीचे घटक असतात आणि पीईडीएफही असतं. दाहशामक प्रथिनाची परीक्षा दुसऱ्या दाहशामक प्रथिनाच्या द्रवात घेणं बरं नव्हे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सीरम काढायचं ठरलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या विसर्जन. कपिलेश्वर तलावाकडचे रस्ते बंद असतील आणि मिरवणूक रविवार उजाडेपर्यंत चालेल. पेशींचा द्रव आजच बदलला. ढोलाच्या हादऱ्याने पेशी सुटतात का, असं ज्युनिअरने गंभीरपणे विचारलं. सुटत नाहीत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस एंडोटॉक्सिनचा.

आमचं प्रथिन मटणाच्या दुकानातून आलेलं. तिथे जंतू असणारच. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीने जंतू अडतात, पण त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन निसटतं. ते नॅनोग्रॅममध्ये असलं तरी बऱ्याच पेशी चेतवतं आणि आयएल-६ सारखे दाहसंदेश वाढवतं. त्याहून वाईट म्हणजे थोडं एंडोटॉक्सिन आधी मिळालं तर काही पेशी पुढच्या माऱ्याला कमी प्रतिसाद देतात. तेव्हा "आमच्या प्रथिनाने दाह कमी झाला" असं दिसेल आणि काम मात्र जंतूंच्या भिंतीचं असेल. दोन्ही बाजूंनी फसवणारी ही गोष्ट आहे. दाहशामक प्रथिनांवरचा कोणताही निबंध हातात आला की मी आधी हा आकडा शोधतो. नसेल तर पुढचं जरा सावधपणे वाचतो.

तपासणी होते ती घोड्याच्या नालेसारख्या पाठीच्या समुद्री खेकड्याच्या रक्ताने. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये पाहिलं की जंतूंच्या संसर्गाने या प्राण्याचं रक्त गोठतं, त्यातूनच ही चाचणी निघाली. नळीत नमुना आणि अभिकर्मक, ३७ अंशांत एक तास, मग नळी पूर्ण उलटी करायची. आतला गोळा जागेवर राहिला तर एंडोटॉक्सिन आहे. आमचा राहिला. अपेक्षितच होतं. एंडोटॉक्सिन धरून ठेवणाऱ्या पॉलिमिक्सिन-बीच्या कॉलममधून प्रथिन फिरवलं, पुन्हा चाचणी केली, या वेळी नळीतून ओघळलं. हेच प्रथिन पुढे वापरायचं, पण शॅपरोनचा प्रयोग पुन्हा करूनच, कारण कॉलममध्ये एंडोटॉक्सिनबरोबर काय काय अडकलं हे पाहायला हवं.

तुलनेसाठी उकळलेलं प्रथिन घ्यावं ही नेहमीची युक्ती इथे लंगडी पडते. अल्फा-क्रिस्टॅलिन उष्णतेला दाद देत नाही, तेच तर त्याचं काम. म्हणून एंडोटॉक्सिन काढलेलं अल्ब्युमिन (रक्तातलं नेहमीचं प्रथिन) तेवढ्याच मात्रेत, आणि ट्रिप्सिनने तोडलेलं अल्फा, अशा दोन रांगा.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ, इनक्युबेटरला हळदकुंकू बाहेरून. आतून नको म्हटल्यावर मावशी रुसल्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मुख्य प्रयोगाचे आकडे आले. मांडणी अशी: पेशींना टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम देऊन चोवीस तास ठेवायचं, मग वरच्या द्रवात आयएल-६ आणि आयएल-८ हे दाहसंदेश एलायझाने (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजायच्या चाचणीने) मोजायचे. अल्फा-क्रिस्टॅलिन तीन पद्धतींनी. एका रांगेत आधी देऊन, धुवून, मग टीएनएफ. दुसरीत दोन्ही एकदम. तिसरीत टीएनएफनंतर चार तासांनी.

एलायझाची प्लेट निळी होत जाते तेव्हा डोळ्यांनीच निकाल वाचायचा मोह होतो. सल्फ्युरिक आम्ल घातलं की पिवळी, मग ४५० नॅनोमीटर. टीएनएफ एकटं असलेल्या रांगा गडद. दोन्ही एकदम दिलेली रांग बरीच फिकी. आधी देऊन धुतलेली थोडी फिकी. नंतर दिलेली टीएनएफएवढीच गडद. अल्ब्युमिनने काही फरक नाही, तोडलेल्या अल्फानेही नाही.

ज्युनिअर उड्या मारायच्या बेतात होता. त्याला आधी एमटीटीची प्लेट दाखवली. पेशी मेल्या तरी आयएल-६ कमीच येतं, म्हणून दाहशामक म्हणण्याआधी जिवंतपणा बघायचा. जांभळा रंग सगळीकडे सारखा. पेशी धडधाकट.

तर मग याचा अर्थ काय लावायचा? एकदम दिल्यावर जास्त उतार आणि धुतल्यावर कमी उतार, याचा सरळ अर्थ असा की बराचसा परिणाम पेशींच्या बाहेरच होतोय. अल्फा टीएनएफला द्रवातच धरून बसत असावं आणि पेशींपर्यंत पोचूच देत नसावं. २०१२च्या निबंधातल्या चित्राशी हे जुळतं. धुतल्यानंतर उरलेला थोडा उतार मात्र पेशींच्या आतला किंवा पृष्ठभागावरचा असू शकतो, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. मॅडमचं मत उलटं. त्या म्हणतात, डोळ्यात सूज असताना काचद्रवात फिरणारे दाहसंदेश पकडणारं काही असेल तर तेही औषधच की. व्हीईजीएफविरोधी इंजेक्शनं दुसरं काय करतात? या वादात चहा गार झाला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

एक शंका बाकी होती. अल्फा जर इतर प्रथिनांना धरतं, तर ते आयएल-६लाही धरून एलायझाच्या प्रतिपिंडापासून लपवत असेल. मग आयएल-६ कमी झालेलं नसताना कमी दिसेल. उपाय स्वस्त: पेशी नसलेल्या द्रवात मोजून आयएल-६ टाकायचं, एका भागात अल्फासह, एका भागात अल्फाविना, आणि दोन्हींत किती परत सापडतं ते पाहायचं. दोन्हींत जवळजवळ सारखं सापडलं. म्हणजे मोजमाप फसलेलं नाही. आयएल-८चंही तसंच. दिवाळीआधी एवढं निकालात निघालं हे बरं झालं, नाहीतर करंज्या गोड लागल्या नसत्या.

३ नोव्हेंबर, सोमवार

साखरेची रांग. ५.५, ३० आणि मॅनिटॉल. नुसत्या साखरेने आयएल-६ चढतं, पण टीएनएफच्या तुलनेत फारच किंचित, आणि मॅनिटॉलच्या रांगेतही थोडं चढलं. त्यामुळे अल्फाचा परिणाम दाखवायला इथे जागाच उरत नाही. अहवालात या भागाला एक परिच्छेद पुरे. मधुमेहाचं नाव शीर्षकात घातलं तर अनुदान मिळायला सोपं जाईल असं एकाने सुचवलं. आमच्या आकड्यांत मधुमेह नाही, टीएनएफ आहे. शीर्षकात तेच राहील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जागतिक मधुमेह दिन, म्हणून कॉलेजमध्ये भाषण झालं. नंतर मॅडमबरोबर पुढच्या टप्प्याची बैठक.

सपाट प्लॅस्टिकवर वाढलेल्या पेशींना वर-खाली कळत नाही. डोळ्यात आरपीईला दोन स्पष्ट बाजू असतात. प्रकाशग्राही पेशींकडची वरची, आणि रक्तवाहिन्यांकडची खालची. पीईडीएफ मुख्यतः वर सोडलं जातं, व्हीईजीएफ जास्त करून खाली. अल्फा-बीदेखील हा थर वरच्या बाजूने बारीक पुटिकांत भरून सोडतो आणि शेजारच्या पेशींना वाचवतो, असं २०१० मध्ये दिसून आलं आहे. मग आम्ही तेच प्रथिन वरून घालून पाहायचं, खालून घालून पाहायचं, आणि टीएनएफ नेहमी रक्ताच्या बाजूने द्यायचं. त्यासाठी छिद्रांचा पडदा असलेले इन्सर्ट लागतात. त्यावर पेशी नीट बसून थर घट्ट व्हायला निदान चार आठवडे, रोज पडद्याचा विद्युत रोध मोजत.

दुसरं, बोकडाच्या भिंगातलं प्रथिन म्हणजे ए आणि बी यांचं मिश्रण. परिणाम कुणाचा हे वेगळं करायला नुसतं अल्फा-बी बनवून घ्यावं लागेल, आणि ते ई. कोलाय या जंतूतच बनणार. म्हणजे एंडोटॉक्सिनची सगळी वारी पुन्हा पहिल्यापासून, या वेळी जास्त जोमाने.

इन्सर्टचं कोटेशन आलं आहे. पाकीट फोडून कुणी देत नाही, म्हणून शेजारच्या विभागाबरोबर अर्धं-अर्धं घ्यायचं ठरलं. ऑर्डर सोमवारी. भिंगांचा साठा मार्गशीर्षाच्या गुरुवारांत पुरेल, तरी मामांना आगाऊ सांगून ठेवलं आहे.